झंद जमात

झंद (ज़ंद) ही पश्चिम इराणमधील लकी भाषा बोलणारी एक पशुपालक जमात होय. झाग्रोस पर्वताच्या आतील रांगा आणि हमदानचे पठारी मैदान यांच्या दरम्यान तिचा वावर असे. मलायेरजवळची परी व कमाझान ही गावे तिची मुख्य ठाणी मानली जातात. संख्येने लहान असलेल्या या जमातीतून अठराव्या शतकात करीमखान झंद हा राज्यकर्ता पुढे आला. त्याने व त्याच्या वारसांनी 1751 ते 1794 या काळात इराणच्या मोठ्या भागावर राज्य केले. या राजवटीला झंद घराणे म्हणतात. प्रस्तुत लेख मुख्यतः जमातीचे मूळ, तिची स्थलांतरे व वसाहती यांविषयी आहे. राजकीय घडामोडींचा उल्लेख त्या अनुषंगाने येतो.

येथे अभिप्रेत असलेल्या लक लोकांचा कॉकेशसमधील दागेस्तान प्रांतातील लक लोकांशी संबंध नाही. दोहोंच्या भाषा वेगवेगळ्या कुळांतील असून नामसाम्य केवळ योगायोगाचे आहे.

नाव

'झंद' या नावाची निश्चित व्युत्पत्ती उपलब्ध नाही. झरथुष्ट्राने अवेस्ता व तिच्यावरील 'झेंद' नावाची टीका सांभाळण्याचे काम या जमातीकडे सोपवले आणि त्यावरून तिला हे नाव पडले, अशी आख्यायिका एकोणिसाव्या शतकातील लिखाणात आढळते. तिला भाषिक वा ऐतिहासिक आधार नाही. सत्तेवर आलेल्या घराण्यास प्राचीन व पवित्र मूळ चिकटवण्याची प्रथा इराणमध्येही होती, आणि ही कथा त्याच प्रकारची दिसते. खुद्द करीमखानाने आपल्या कुळाचा संबंध कोणत्याही प्राचीन राजवंशाशी जोडला नाही, हे या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे.

'लक' या व्यापक नावाचा अर्थ परंपरेने फारसीतील 'लक' म्हणजे एक लक्ष असा सांगितला जातो. मूळची कुटुंबे एक लाख होती, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. हा फारसी शब्द आणि मराठीतील 'लाख' हे दोन्ही संस्कृत 'लक्ष' या शब्दाकडे जातात. मात्र जमातीच्या नावाबाबतचे हे स्पष्टीकरण लोकव्युत्पत्तीच्या स्वरूपाचे आहे.

भाषा

लकी ही वायव्य इराणी गटातील भाषा आहे. आज ती मुख्यतः लोरेस्तान प्रांताच्या उत्तर व पश्चिम भागात (अलेश्तर, नूराबाद व कुहदश्त परिसर), केरमानशाह प्रांताच्या पूर्व भागात (हरसीन, कंगावर), तसेच इलाम व हमदान प्रांतांच्या काही भागांत बोलली जाते. तिच्या दक्षिणेला व पूर्वेला लुरी, तर उत्तरेला व पश्चिमेला दक्षिणी कुर्दी बोली आहेत.

लुरी ही फारसीप्रमाणे नैर्ऋत्य इराणी गटातील आहे. म्हणजे लक व लुर शेकडो वर्षे शेजारी राहिले, त्यांचा पोशाख, गाणी व रीतिरिवाज बरेचसे सारखे झाले, तरी त्यांच्या भाषांचे कूळ निराळे राहिले. शब्दसंग्रहात लकीने लुरीकडून पुष्कळ घेतले आहे. व्याकरणात मात्र तिने एक जुने वैशिष्ट्य टिकवले आहे. भूतकाळातील सकर्मक क्रियापदाचा कर्ता लकीमध्ये इतर काळांहून वेगळ्या रीतीने दर्शवला जातो. 'मुलगा भाकरी खातो' पण 'मुलाने भाकरी खाल्ली' या वाक्यांत मराठी जो भेद करते, त्याच्याशी हा प्रकार तत्त्वतः जुळतो. आधुनिक फारसी व लुरी यांमध्ये हा भेद नाही. दक्षिणी कुर्दीच्या बहुतेक बोलींनीही तो गमावला आहे. याच कारणाने काही भाषाभ्यासक लकीला दक्षिणी कुर्दीपासून वेगळी काढतात, तर काही तिला कुर्दी भाषासमूहाचीच एक शाखा मानतात.

झंद जमातीने स्वतःच्या भाषेत लिहिलेले काहीही उपलब्ध नाही. झंद दरबारातील बखरी, फर्माने व पत्रव्यवहार फारसीत आहेत. त्यामुळे अठराव्या शतकातील झंदांची बोली नेमकी कशी होती, याचे अनुमान त्यांच्या लक असण्यावरून व आजच्या लकी बोलींवरूनच करावे लागते.

लुर की कुर्द

झंदांना कोणी लुर म्हणते, कोणी कुर्द, तर कोणी केवळ लक. तिन्ही मतांना आधार आहेत, आणि मतभेदाचे मूळ झंदांपेक्षा या शब्दांच्या बदलत्या अर्थात अधिक आहे.

झंद ही उत्तरेकडील लुरांच्या लक शाखेतील जमात, असे वर्णन झंद राजवटीच्या आधुनिक इतिहासलेखनात प्रचलित आहे. लोरेस्तानच्या राजकीय रचनेत लक टोळ्या लुर सरदारांच्या अमलाखाली होत्या आणि शेजारीही त्यांना लुरच समजत, हा त्यामागील विचार. उलट भाषेच्या आधारे पाहणारे अभ्यासक लकांना कुर्दांच्या जवळ ठेवतात. शरफखान बिदलिसी याने 1597 च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'शरफनामा' या कुर्द सरदारघराण्यांच्या इतिहासातही लकांची नोंद इराणच्या अमलाखालील दुय्यम कुर्द जमातींमध्ये येते. तथापि मध्ययुगीन अरबी-फारसी ग्रंथांत 'कुर्द' हा शब्द अनेकदा डोंगरात राहणाऱ्या व कळप पाळणाऱ्या भटक्या लोकांसाठी सैलपणे वापरलेला असतो. त्या काळच्या नोंदीवरून आजच्या अर्थाने राष्ट्रीयत्व ठरवता येत नाही.

विसाव्या शतकात कुर्द व लुर या दोन्ही अस्मिता अधिक रेखीव झाल्यावर करीमखानासारखा लोकप्रिय राज्यकर्ता आपला असावा, असे दोन्ही बाजूंना वाटणे स्वाभाविक होते. स्वतः लकांपैकी अनेक जण आपण लुरही नाही व कुर्दही नाही, अशी भूमिका घेतात. अठराव्या शतकातील फारसी बखरकारांना मात्र हा प्रश्न फारसा पडलेला दिसत नाही. 'लक व लुर' असा जोडउल्लेख करून ते पुढे जातात.

मूळ प्रदेश

लक टोळ्या आजच्या लोरेस्तानमध्ये मूळच्याच की उत्तरेकडून आलेल्या, याबद्दल एक मत असे आहे की त्यांतील बऱ्याच टोळ्या सतराव्या शतकाच्या आरंभी तेथे आल्या. सफवी बादशहा पहिला अब्बास याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लोरेस्तानचे जुने अताबेग घराणे संपवून हुसेनखान यास 'वाली' म्हणून नेमले. या नव्या वालीला स्थानिक लुरांविरुद्ध आधार मिळावा म्हणून लक टोळ्यांना तेथे वसवण्यात आले, असे हे मत सांगते. लकी भाषेचे वायव्य इराणी स्वरूप या मताशी सुसंगत आहे. तरीही सर्वच लकांना ते लागू करता येत नाही.

झंदांचा मुलूख या लक प्रदेशाच्या ईशान्य टोकाला होता. मलायेरचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,700 मीटर उंचीवर असून हिवाळ्यात तेथे बर्फ पडते. पश्चिमेला नहावंद व तुइसेर्कान, दक्षिणेला बुरुजिर्द आणि उत्तरेला हमदान यांच्या मध्ये तो येतो. डोंगरउतारावर शेळ्यामेंढ्यांना चारा आणि खालच्या खोऱ्यांत गहू, जव व द्राक्षे यांची लागवड अशी येथील अर्थव्यवस्था होती. उन्हाळी व हिवाळी कुरणांमधील लांब पल्ल्याची स्थलांतरे करणाऱ्या बख्तियारींसारख्या मोठ्या जमातींच्या तुलनेत झंदांचा फेरा लहान होता. परी येथे त्यांची गढीही होती, त्यामुळे त्यांना पूर्णपणे भटके म्हणणे अचूक ठरत नाही.

या जागेचे महत्त्व तिच्या रस्त्यांत होते. बगदादहून केरमानशाहमार्गे हमदानकडे व पुढे इस्फहानकडे जाणारी वाट झंदांच्या मुलुखाजवळून जाई. शांततेच्या काळात वाटसरू व व्यापार, तर युद्धाच्या काळात सैन्ये याच वाटेने येत. 1722 मध्ये अफगाणांनी इस्फहान घेतले आणि पाठोपाठ उस्मानी फौजांनी पश्चिम इराण व्यापला; 1724 मध्ये हमदान त्यांच्या हाती गेले. तोवर इतिहासात जवळजवळ अनुल्लेखित असलेले झंद याच सुमारास प्रथम ठळकपणे दिसतात. महदीखान झंद याच्या नेतृत्वाखाली त्यांच्या घोडेस्वारांनी उस्मानी तुकड्यांवर छापे घातले. वाटेवरील इतरांचीही त्यांनी लूट केली.

खोरासानमधील हद्दपारी

पश्चिम इराण परत मिळवणाऱ्या नादिरकुलीला (पुढे नादिरशहा) असे स्वतंत्र छापेमार नको होते. 1732 मध्ये त्याने बाबाखान चापुशलू या सरदारास झंदांवर पाठवले. महदीखान व जमातीतील सुमारे 400 माणसे मारली गेली. उरलेल्यांपैकी अनेक कुटुंबांना उचलून सुमारे हजार किलोमीटर दूर, खोरासानच्या उत्तर सीमेवरील अबीवर्द व दर्रेगझ येथे नेण्यात आले. अबीवर्दचे अवशेष आज तुर्कमेनिस्तानात आहेत.

जमातींची अशी उचलबांगडी इराणी राज्यकर्त्यांच्या नेहमीच्या साधनांपैकी होती. त्यातून दोन हेतू साधत असत. बंडखोर जमात आपल्या डोंगरापासून व नातेसंबंधांपासून तुटे, आणि उझबेक व तुर्कमेन टोळ्यांच्या धाडी जेथे होत त्या सरहद्दीवर राज्याला फुकटचे पहारेकरी मिळत. सफवींनी कुर्दांना, तर नादिरने बख्तियारी व लुर टोळ्यांनाही असेच खोरासानात नेले होते. नेलेल्या लोकांच्या वाट्याला मात्र अनोळखी हवामान, वाटेत गमावलेली जनावरे आणि तरण्या पुरुषांची सक्तीची लष्करभरती येई. करीम व त्याचे भाऊबंद याच रीतीने नादिरच्या सैन्यात साधे शिपाई म्हणून होते.

या दिवसांविषयी एक कथा जॉन माल्कमने आपल्या इराणच्या इतिहासात नोंदवली असून ती करीमखान स्वतः सांगत असे, असे तो म्हणतो. गरिबीला कंटाळून करीमने एका जिनगराच्या दुकानाबाहेरून दुरुस्तीला आलेले सोन्याने मढवलेले खोगीर चोरले. ते एका अफगाण सरदाराचे होते. दुसऱ्या दिवशी जिनगराला पकडून फाशीची शिक्षा झाल्याचे त्याला कळले. त्याने खोगीर गुपचूप पूर्वीच्या जागी ठेवले आणि लपून पाहत राहिला. जिनगराची बायको ते पाहताच गुडघे टेकून परत करणाऱ्यासाठी दुवा मागू लागली. त्याला अशी शंभर सोनेरी खोगिरे लाभोत, असे ती म्हणाली. कथेची सत्यता तपासता येत नाही. चोरी मात्र तिने लपवलेली नाही, आणि राजांविषयीच्या आख्यायिकांमध्ये हे विरळा आहे.

परतीचा प्रवास

जून 1747 मध्ये नादिरशहाचा खून झाला व त्याचे सैन्य विखुरले. पश्चिमेकडून आणलेल्या जमातींनी लगोलग घराची वाट धरली. झंदांना परत आणण्याचे नेतृत्व करीम आणि त्याचा आप्त शेखअली यांनी केले. या काळात करीमला 'तुशमाल करीम' म्हणत. तुशमाल म्हणजे लहान गोताचा प्रमुख. तो जमातीच्या बगला या शाखेतील असून इनाकचा मुलगा होता. इनाकच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने दीर बुदाक याच्याशी लग्न केले. त्यांचा मुलगा झकीखान हा म्हणून करीमचा सावत्र भाऊही होता आणि चुलत भाऊही. ही नाती पुढे महत्त्वाची ठरली.

परतल्यावर झंदांनी परी व कमाझान येथे पुन्हा बस्तान बसवले. हमदानच्या सुभेदाराचा त्यांनी पराभव केला, शेजारच्या लक व कुर्द टोळ्या त्यांना येऊन मिळाल्या आणि 1750 मध्ये बख्तियारी सरदार अलीमर्दानखान याच्याशी संगनमत करून त्यांनी इस्फहान घेतले. तिसरा इस्माईल या नावाने एका सफवी राजपुत्रास नाममात्र गादीवर बसवण्यात आले. ही युती वर्षभरात मोडली.

मूळ गावाचा मोह जमातीला याच काळात महागात पडला. 1753 मध्ये अझादखान अफगाण याने करीमला हरवून परीची गढी घेतली आणि करीमच्या आईसह झंदांची बायकामुले व काही सरदार त्याच्या हाती पडले. त्यांना उर्मियाकडे नेले जात असता कैद्यांनी वाटेत पहारेकऱ्यांवर मात करून सुटका करून घेतली व ते करीमला जाऊन मिळाले. वीस वर्षांत दुसऱ्यांदा जमात उखडली जाण्याची वेळ अशी थोडक्यात टळली. 1754 मध्ये फार्समधील कमारिज घाटात खिश्तच्या स्थानिक सरदाराच्या मदतीने करीमने अझादला हरवले. त्यानंतर झंदांच्या सत्तेचा गुरुत्वमध्य मलायेर न राहता दक्षिणेकडे सरकला.

शिराझमधील वसाहत

1765 पासून करीमखानाने शिराझ ही आपली कायमची राजधानी केली. त्याने 'शाह' हे पद घेतले नाही. तो प्रथम 'वकील-ए-दौला' व नंतर 'वकील-ए-रआया' म्हणवून घेई. मराठीत वकील म्हणजे न्यायालयात बाजू मांडणारा, आणि पेशवाईच्या कागदपत्रांत परदरबारी पाठवलेला प्रतिनिधी. येथे हा शब्द राज्याचा व पुढे रयतेचा मुखत्यार या अर्थाने आला आहे; 'रआया' म्हणजे मराठीतील रयतच.

राजधानीसोबत जमातही हलली. झंद व अन्य लक, तसेच लुर टोळ्यांतील मोठ्या संख्येने लोक कुटुंबांसह शिराझमध्ये व त्याच्या आसपास वसवण्यात आले. स्थायी सैन्याचा मुख्य कणा त्यांचाच होता. करीमला मूळचे फार्सचे मोठे सरदारबळ नव्हते, म्हणून हजारो घोडेस्वार जवळ राखण्यासाठी त्याने त्यांची कुटुंबे जवळ आणली, असा याचा अर्थ लावता येतो. 1766-67 च्या सुमारास बांधलेला 'अर्ग' हा त्याचा वाडा याच परिस्थितीची साक्ष देतो. बाहेरून त्याला उंच विटांच्या भिंती व कोपऱ्यांवर गोल बुरूज आहेत, आत मात्र बाग व राहत्या दालनांची रांग आहे. शेजारचा वकील बाजार, वकील मशीद व हमाम आजही शिराझच्या मध्यभागी उभे आहेत.

नव्या वसाहतीमुळे जमातीचे जीवन एका पिढीत बदलले. कळप राखणाऱ्यांची मुले पगारी शिपाई व दरबारी झाली आणि त्यांचे पोट मेंढ्यांऐवजी महसुलावर चालू लागले. मलायेरकडील मुलुखाशी संबंध पूर्ण तुटला नसला, तरी जमातीचे प्रमुख आता तेथे राहत नव्हते.

करीमखान 1 मार्च 1779 रोजी मरण पावला. जमातीत वारसाहक्काचा ठरलेला नियम नव्हता. सख्खे, सावत्र व चुलत भाऊ सारखेच दावेदार होते. त्यानंतरच्या दहा वर्षांत झकीखान, सादिकखान, अलीमुरादखान व जाफरखान यांच्यात सत्ता फिरली. त्यात झंदांनी एकमेकांची जी हानी केली, ती कोणत्याही शत्रूने केली नव्हती. जाफरचा मुलगा लुत्फअलीखान हा शेवटचा राज्यकर्ता. 1791 मध्ये शिराझचा कलांतर (नगरप्रमुख) हाजी इब्राहीम याने त्याच्यासाठी शहराचे दरवाजे बंद केले. लक व लुर फौजा शहरात राहत असल्या, तरी शहर त्यांचे झाले नव्हते, हे या घटनेने दिसून आले.

पाडाव व पांगापांग

1794 मध्ये आगा महंमदखान काजार याने केरमान जिंकले. शहरातील पुरुषांपैकी फार मोठ्या संख्येने लोक मारले गेले किंवा त्यांचे डोळे काढण्यात आले. लुत्फअलीखान बमजवळ पकडला गेला व तेहरानमध्ये मारला गेला. शिराझमध्ये करीमखानाजवळ अनेक वर्षे ओलीस राहिलेल्या आगा महंमदखानाने करीमखानाची हाडे उकरून तेहरानच्या वाड्यात, येता-जाता पायाखाली येतील अशा जागी पुरली. काजार राजवट संपल्यावर ती तेथून काढण्यात आली.

सत्ता गेल्यावर झंद एकसंध जमात म्हणून उरले नाहीत. जे वाचले ते इतर टोळ्यांत मिसळले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नोंदींत केरमानशाहच्या दक्षिणेस दुरुद फरामान भागात आणि सीमेपलीकडे आजच्या इराकमधील खानकीनच्या आसपास झंद कुटुंबांचा उल्लेख येतो. काजारांनी अन्य लकभाषक टोळ्यांनाही हलवले. ख्वाजावंद व अब्दुलमलिकी या टोळ्यांना कास्पियन समुद्रालगतच्या माझंदरान प्रांतात वसवण्यात आले. कलारदश्त परिसरातील ख्वाजावंदांची वस्ती त्यातूनच झाली. तिच्यामुळे लोरेस्तानपासून शेकडो किलोमीटर दूर, माझंदरानी भाषेच्या प्रदेशात, लकी बोलीचे एक बेट तयार झाले.

साधने

झंद काळाची मुख्य साधने म्हणजे मिर्झा महंमद सादिक नामी याची 'तारीख-ए-गीतीगुशा' आणि अबुल हसन गफ्फारी याची 'गुलशन-ए-मुराद' या दरबारी बखरी. त्यांचा भर राज्यकर्त्यांवर असल्याने जमातीच्या राहणीविषयी त्यांत तुरळकच माहिती मिळते. 'रुस्तम-उत-तवारीख' हा ग्रंथ अधिक रंजक आहे. त्यातील आकडे व किस्से मात्र सावधपणे घ्यावे लागतात.

इंग्रजी साधनांचा मुंबई व पुण्याशी थेट संबंध येतो. ईस्ट इंडिया कंपनीने 1763 मध्ये करीमखानाच्या फर्मानाने बुशहर येथे वखार उघडली व तिचा कारभार मुंबईशी जोडलेला होता. पुण्याच्या रेसिडेन्सीत काम केलेला एडवर्ड स्कॉट वेअरिंग 1802 मध्ये शिराझला गेला. त्याने आपल्या प्रवासवर्णनाला करीमखानाच्या मृत्यूपासून झंद सत्तेच्या अंतापर्यंतचा इतिहास जोडला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा (1810) वेअरिंग तो हाच. वर उल्लेखिलेला माल्कमचा ग्रंथ 1815 मध्ये प्रसिद्ध झाला. माल्कम पुढे 1827 ते 1830 या काळात मुंबईचा गव्हर्नर होता.

सद्यस्थिती

हमदान प्रांतातील मलायेर तालुक्याच्या एका विभागास आज झंद हे नाव असून कमाझान हे नाव त्यातील ग्रामीण भागांच्या नावांत टिकून आहे. परी हे गावही नांदते आहे. इराणमध्ये 'झंद' व 'झंदी' ही आडनावे सर्वत्र आढळतात, पण ती धारण करणारे सर्वच जमातीचे वंशज असतात असे नाही. शिराझच्या मुख्य रस्त्याचे नाव करीमखान झंद मार्ग असे असून तो अर्गच्या शेजारून जातो.